मिठागरातलं विरजण

माझी पीएच.डी. शेवाळावर चालू आहे असं सांगितलं की लोक एक तर गप्प बसायचे, नाहीतर विचारायचे, "मग यात जॉब कुठे मिळतो?" मला दोन्हीचा सारखाच कंटाळा यायचा. शेवाळ म्हणणंही तसं चूकच. ते असतात जिवाणू, पण झाडांसारखे उन्हावर जगणारे, रंगाने निळसर हिरवे. सायनोबॅक्टेरिया. आईला हा शब्द एकदा सांगून बघितला होता. तिने "बरं" म्हटलं आणि भाजी परतायला घेतली. पुढे आमच्या घरात त्याचं नाव "तुझं हिरवं" असंच पडलं.

वडील गेल्यावर गिरगावातली खोली विकून आम्ही दोघी भाईंदरला गोडदेवमध्ये राहायला आलो. दोन हजार पाच-सहाचा तो काळ. नगरपालिकेची महानगरपालिका झाली होती, तरी नळाला पाणी दिवसाआड यायचं आणि वीज तिच्या मर्जीने जायची. प्रयोगशाळा मुंबईत, घर इथे. जाऊन येऊन जीव मेटाकुटीला यायचा. एकच सोय होती. मला ज्याचे नमुने हवे होते ती मिठागरं जेसल पार्कच्या पलीकडे खाडीच्या अंगाला पसरलेली होती, आणि तिथे मी रविवारी सकाळी चपला हातात घेऊन जाऊ शकत होते. मीठ काढायच्या आधी त्या खाचरांच्या तळाशी जाडसर हिरवा थर धरतो. तो चमच्याने खरवडायचा, बाटलीत भरायचा आणि दिवसभर पायांची आग सोसत बसायचं. हे माझं संशोधन.

आमच्या सरांचं म्हणणं साधं होतं. इतक्या खारट पाण्यात, इतक्या उन्हात दुसरं काही टिकत नाही, तिथे जे टिकतं त्याच्याकडे काहीतरी हत्यार असणार. हे जिवाणू दुसऱ्यांनी आपल्याला खाऊ नये म्हणून तऱ्हेतऱ्हेची विषं बनवतात. त्यातलं एखादं विष माणसाच्या रोगावर चालेल का, एवढंच बघायचं. मी शंभर बाटल्या भरल्या असतील. त्यातल्या एकीतलं हिरवं मात्र कामाचं निघालं. त्याचा अर्क कॅन्सरच्या पेशींवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी बघितलं तर पेशी मेलेल्या. सरांनी त्या दिवशी सगळ्यांना स्वतःच्या खिशातून चहा पाजला. मी घरी येऊन आईला सांगितलं, "माझ्या हिरव्याने कॅन्सरच्या पेशी मरतात." तेव्हा कॅन्सर हा शब्द आमच्या घराचा नव्हता, दुसऱ्यांच्या घरांचा होता. आईने कौतुकाने साखर हातावर ठेवली.

आता खरं सांगायचं तर प्लेटमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या ताटलीत, काहीही मरतं. फिनेल टाका, मरतील. मीठ जास्त टाका, मरतील. प्रश्न असतो बाकीच्या पेशी जगतात का, आणि तो प्रश्न सोडवण्यात माणसांची आयुष्यं जातात. समुद्रातल्या अशाच जिवाणूंच्या एका विषापासून पुढे खरोखरीचं औषध निघाल्याचं मी वाचलं. आमच्या भाईंदरच्या मिठागरातून नाही. माझं द्रव्य दुसऱ्या कुणाला दुसऱ्याच समुद्रात आधीच सापडलेलं होतं, आणि ते चांगल्या पेशींनाही सोडत नव्हतं. पण हे सगळं नंतर कळलं.

त्याआधी आईला गाठ आली.

ऑपरेशन झालं, मग सलाइनमधून औषध सुरू झालं. मुंबईतल्या त्या मोठ्या हॉस्पिटलात ठरलेल्या तारखेला पहाटे नंबर लावायचा, रक्त द्यायचं, रिपोर्टची वाट बघायची, मग बाकड्यावर बसून राहायचं. मी सकाळी आईजवळ, दुपारी प्रयोगशाळेत, संध्याकाळी परत आईजवळ. घरी येऊन उलटीचं भांडं धरायचं, ते विसळायचं आणि दुसऱ्या दिवशी हसतमुखाने सरांना सामोरं जायचं. मला त्या वर्षात झोप सोडून दुसरं काही नको होतं. कुणी विचारलं असतं, काय हवंय, तर मी उशी मागितली असती.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. गाठ आल्यापासून आईने माझ्या हिरव्याचा आणि तिच्या आजाराचा एकत्र उल्लेख एकदाही केला नाही. मी त्याला समजूतदारपणा समजत होते. आईला कळलंय, प्लेट वेगळी आणि माणूस वेगळा. बरं झालं, एक तरी गोष्ट समजावून सांगावी लागली नाही, असंच मला वाटायचं.

त्या बाकड्यावरच आईला काशीगावच्या बाई भेटल्या. आईहून थोड्या लहान, उंच, काळ्यासावळ्या, हातात हिरव्या बांगड्या, डोक्याला पदर गच्च आवळलेला. त्यांची भातशेती होती, तिथे आता बिल्डिंगी उभ्या होत्या. मुलगा आणि सून कामाला, बाई एकट्याच यायच्या. परतताना आम्ही एकाच बाजूच्या म्हणून त्या आमच्याबरोबर निघायच्या. दोघींच्या गप्पा सगळ्या तोंडाच्या चवीवरून चालायच्या. "ताय, मला सुकटीचा वास न्हाय सोसत आता," त्या म्हणायच्या, "जल्मभर त्येच खाल्लं, नि आता वास आला का पोटातून ढवळतं." आई म्हणायची, मला साधा भातसुद्धा लोखंडासारखा लागतो. इतक्या आजारी माणसांना इतकं हसताना मी आधी बघितलं नव्हतं.

आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा विजेचा घोळ चालू होता. ट्यूबलाइट बंद पडल्या की कल्चर, म्हणजे बाटल्यांत वाढवलेलं हिरवं, मान टाकायचं, एकदा बुरशीही शिरली. सर म्हणाले, एक बाटली घरी ठेव, काही झालं तर निदान बी राहील. मी एक बाटली आणि तिला घालायचं क्षारांचं पाणी कॅनमध्ये भरून घरी आणलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. आईने विचारलं, "याला करायचं काय?" मी दमलेली होते, फार खोलात गेले नाही. म्हटलं, "अगं, विरजणासारखंच आहे. रोज हलवायचं. दाट झालं की त्यातलं जरासं काढून नव्या पाण्यात टाकायचं, की ते पुन्हा वाढतं."

एवढंच पुरलं. दुसऱ्या दिवसापासून आईने त्या बाटलीचा ताबा घेतला. सकाळी चहाच्या आधी ती बाटली हलवायची आणि मला सांगायची, "तुझं हिरवं हलवलं हं." हाताला सुया टोचून टोचून शिरा काळ्या पडल्या होत्या, पण ती दोन्ही हातांनी बाटली धरून हलवायचीच. मला बरं वाटायचं. तिला विरंगुळा, मला एक काम कमी.

विरजणाच्या बाबतीत आईचं स्वतःचं एक शास्त्र होतं. गिरगावात आमच्या मजल्यावर कुणाचं विरजण संपलं की तो वाटी घेऊन आमच्याकडे यायचा. गोडदेवला आल्यावर समोरच्या गुजराती भाभी यायच्या, "माँजी, थोडा जामन," म्हणत. आई कधी नाही म्हणाली नाही. आपल्याला उरलं नाही तरी चालेल, पण मागणाऱ्याची वाटी रिकामी पाठवायची नाही. आणि नुसतं दही देऊन तिचं भागायचं नाही. दूध किती कोमट हवं, झाकण कुठलं ठेवायचं, उबेला कुठे ठेवायचं, सगळं सांगून पाठवायची. दिल्याने विरजण कमी होत नाही, असं ती नेहमी सांगायची.

पाडव्याच्या आधीची तारीख होती. आम्ही हॉस्पिटलात पोचलो, नंबर लावला, पण काशीगावच्या बाई दिसेनात. त्यांचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, पुढचा नंबर गेला. मी म्हटलं, "आई, बाईंना बरं नाही की काय? फोन तरी करायचा का?"

आई डोक्यावरची ओढणी सारखी करत म्हणाली, "त्या नाही यायच्या आता. त्यांनी बंद केलं इथलं."

"बंद केलं म्हणजे?"

"मागच्या खेपेला फार रडत होत्या गं. मला न्हाय सोसत म्हणाल्या. मग मी त्यांना आपलं दिलं."

"आपलं काय दिलं?"

"तुझं हिरवं. दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या, तू प्रयोगशाळेत होतीस. एका बरणीत घालून दिलं, बरोबर बाटलीभर पाणीही दिलं वाढवायला. रोज हलवा म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, दोन औषधं एका पोटात नकोत. हे बंद करते आणि ते घेते."

तिच्या आवाजात अपराधीपणा अजिबात नव्हता. शेजारणीला वाटी भरून दिल्यावर असायचा तोच आवाज. त्या बाटलीत नेमकं काय काय आहे हे मला माहीत नव्हतं, सरांना माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या काही भाऊबंदांचं पाणी प्यायलं तर लिव्हर जातं, एवढं मात्र पक्कं माहीत होतं. आणि ते बाजूला ठेवलं तरी दुसरी गोष्ट उरतच होती. बाईंची सलाइनं अर्ध्यावर होती. मध्येच सोडलं तर काय होतं हे त्या बाकड्यावर बसणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मी आईवर ओरडले नाही. सलाइनसाठी तिच्या हाताला सुई लावून झाली होती. नुसतं म्हटलं, "आई, ते औषध नाहीये."

"पेशी मरतात म्हणालीस ना?" आई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी रिक्षा करून काशीगावला गेले. विचारत विचारत घर सापडलं. बिल्डिंगींच्या मध्ये राहिलेलं एक बैठं घर, पुढे पडवी, पडवीत तुळस. आणि तुळशीशेजारी, अर्धं ऊन अर्धी सावली अशी जागा शोधून, माझी बरणी ठेवलेली. लोणच्याची काचेची बरणी, वर पांढरं फडकं बांधलेलं. आत हिरवं इतकं झकास वाढलं होतं की माझ्या प्रयोगशाळेत तसं कधी वाढलं नाही. मला त्याचाही राग आला.

बाई बाहेर आल्या. अंगात गाऊन, डोक्याला पदराऐवजी रुमाल. मी पायरीवर बसायच्या आधीच विचारलं, "तुम्ही हे घेतलं का?"

"न्हाय अजून. पाडव्याला चालू करनार. चांगला दिस बगून घ्यावं ना?"

मी पायरीवर बसून राहिले. पाडवा तोंडावर आला होता. पाणी प्यायले, मग सुरुवात केली. हे औषध नाही, हे कच्चं आहे, यात विष असू शकतं, हे माणसाला अजून कुणी दिलेलं नाही, उंदरालासुद्धा दिलेलं नाही. प्लेट म्हणजे काय, पेशी म्हणजे काय. मी बोलत होते आणि बाई मान हलवत होत्या, डॉक्टरांपुढे हलवतात तशी.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तुजी आय देते म्हंजे वाईट न्हाय देनार ती."

"तिला माहीत नाही काकू. तिला विरजण वाटलं."

"डाक्टर लोकांचं येकच असतं. आपलं सोडून दुसरं सगलं वाईट." मग म्हणाल्या, "आनि तुला ते पायजेल आसंल तं ने. तुजा माल हाय. आमी गरीब हाव, तुज्या मालावर डोला न्हाय ठेवायचो."

माझा पारा चढला. "मालाचा प्रश्नच नाहीये, तुम्ही मराल," असं मी म्हणून गेले. बाई शांतपणे म्हणाल्या, "मरनार तं हायच गो. पन त्या सुईनं न्हाय. बरनी ने तू. नेलीस तरी मी तिकडं न्हाय जानार." मग आत जाऊन चहा करून आणला. त्यांना स्वतःला चहाचा वास सोसत नव्हता. कप माझ्या हातात देऊन त्या दारात नाक दाबून उभ्या राहिल्या.

बरणी नेऊन काही उपयोग नाही, हे कळायला मला पीएच.डी. लागत नव्हती. त्यांच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं की आई भेटायला येईपर्यंत चमचाभरही घ्यायचं नाही. त्यांनी तुळशीची शपथ घेतली.

आईला उभं राहायला दोन दिवस लागले. तोंड आलेलं, पायात गोळे. मी म्हटलं, फोनवर बोल. ती म्हणाली, "दिलं हातानं, आणि परत घ्यायचं फोनवर? तसं नसतं." रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. प्रत्येक खड्ड्याला ती हळूच "आई गं" म्हणायची आणि मी रिक्षावाल्याला "भैया, धीरे लो ना" म्हणायचे. काय बोलायचं ते मी तिला पढवलं होतं, विषाचं, लिव्हरचं, सगळं.

पडवीत दोघी समोरासमोर बसल्या, बरणी मध्ये. एकमेकींची तब्येत विचारून झाली. मग आईने मी शिकवलं होतं ते सांगायला घेतलं आणि दुसऱ्याच वाक्याला अडकली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनीच विचारलं, "ताय, येक सांगा. तुमी घेतलं ह्ये?"

"नाही," आई म्हणाली.

"घरात व्हतं नि घेतलं न्हाय?"

"नाही."

"कनाला न्हाय घेतलं?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही. बरणीकडे बघत म्हणाली, "हिने दिलं नाही म्हणून."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आईने हाताने मला थांबवलं.

"मी वाट बघत होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, तयार व्हायला वेळ लागत असेल. तयार झालं की ही देईल. आपण मागायचं नाही, पोरीला घाई झाल्यासारखं होईल. म्हणून रोज हलवत होते, लवकर व्हावं म्हणून. मग तुम्ही त्या दिवशी इतक्या रडलात. मला वाटलं, माझं जरा थांबेल, तुमचं थांबणार नाही. म्हणून तुम्हाला दिलं." तिने श्वास घेतला. "पण आता दोन दिवस पडल्या पडल्या विचार केला. ही माझी उलटी काढते. माझं डोकं धरून बसते. तासन्‌तास त्या बाकड्यावर बसते. हिच्याकडे औषध असतं तर हिने मला दिलं नसतं का हो?"

समोरच्या बिल्डिंगीत कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. इतके महिने मी जिला समजूतदार समजत होते ती रोज सकाळी माझ्याकडे बघत होती, आज देते का, उद्या देते का. आणि मी तिला रोज म्हणत होते, थँक यू आई, हलवलंस ते बरं केलंस.

बाईंनी बरणी उचलली. फडक्याची गाठ घट्ट केली, काच पदराने पुसावी तशी गाऊनच्या कडेने पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मग आईला म्हणाल्या, "तुमची पुडली तारीक कदी हाय?"

आईने सांगितली.

"मंग मी बी त्याच दिशी येते. नंबर लावताना माजा बी लावा." आणि जरा वेळाने, "येताना लिंबू आना वाइच. वासाला बरं पडतं."

परतताना बरणी आईने मागून घेतली. ती मांडीवर धरून ती सरळ बसली होती, खांद्यावर डोकं न टेकता. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिने विचारलं, "किती वर्षं लागतात गं असं व्हायला?"

"दहा. पंधरा. बहुतेक वेळा होतच नाही."

"अस्सं," आई म्हणाली. थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, "दूध घ्यायचंय, विसरू नकोस."

घरी आल्यावर मी बरणी घेऊन मोरीकडे निघाले. ब्लीचची बाटली हातात घेतली होती. असलं कल्चर तसंच गटारात ओतत नाहीत, आधी मारावं लागतं. आई खुर्चीत बसली होती, अंगातली साडीही बदलली नव्हती.

"टाकू नकोस," ती म्हणाली.

"आई, त्याचा काही उपयोग नाही आता. उघड्यावर राहिलंय, शुद्ध नाही राहिलं."

"असू दे. मला दिलं नाहीस, निदान डोळ्यांसमोर तरी राहू दे."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी बरणी खिडकीत दुसऱ्या बाटलीच्या शेजारी ठेवली. आई होती तोवर ती तिथेच राहिली, आणि ती हलवायचं काम आईने कुणाला करू दिलं नाही.